मागची फळी

पोळ्या उलथायचा सराटा हातात तसाच धरून जमुनाबाई अंगणात आल्या, त्यांनी बोटीला एक प्रदक्षिणा घातली आणि मग मूठ वळून तिला माठासारखं वाजवून पाहायला सुरुवात केली.

बार्शीटाकळीच्या बाजारात त्या असेच माठ वाजवतात. पंधरा माठ वाजवून परत ठेवतात, कुंभाराला रडकुंडीला आणतात आणि सोळावा घेतात. त्यांच्या संसारात आजवर एकही माठ गळलेला नाही. त्यामुळे त्यांच्या कानावर शंका घ्यायची सोय सूर्यभान गावंडे यांना नव्हती. बोटीचं नाक वाजलं, खणखणीत. दोन्ही कुशी वाजल्या, खणखणीत. मागची बाजू मात्र बद्द वाजली. जमुनाबाईंनी पुन्हा वाजवली. पुन्हा बद्द.

"हे आतून सडलं हाय," त्या म्हणाल्या.

"फायबर हाय ते. फायबर सडत नसते," सूर्यभानजी म्हणाले.

"मंग बोलून काहून नाही राहिलं?"

जमुनाबाईंनी रंगाला पडलेली एक भेग हेरली, तिच्यावर सराट्याचं टोक टेकवलं आणि हलकेच दाबलं. टोक आत गेलं. मग त्याच्यामागून अर्धा सराटा आत गेला आणि भेगेतून काळपट पाण्याची धार निघून सकाळी टाकलेल्या सड्यावर पसरली. जमुनाबाईंनी सराटा बाहेर ओढला आणि तो विसळायला घरात जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मी नाही बसत हिच्यात."

आणि त्यांना बसवण्यासाठीच तर सूर्यभानजींनी ती बोट घेतली होती.

सूर्यभानजी सरकारी नोकरीत होते आणि त्यांची नोकरी होती धरणावर मोटरबोट चालवण्याची. वऱ्हाडात हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. जिथे उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे हा माणूस पाण्यावर गाडी चालवून पोट भरतो, हे सासुरवाडीलासुद्धा पहिली तीन वर्षं पटलं नव्हतं. पण सूर्यभानजींनी अठ्ठावीस वर्षं बोट नंबर दोन इमानेइतबारे चालवली. तिच्यातून त्यांनी पाणी मोजलं, गाळ मोजला आणि सगळ्यात जास्त म्हणजे साहेब लोक फिरवले. साहेबांच्या बायका फिरवल्या, मेव्हण्या फिरवल्या, मेव्हण्यांची पोरं फिरवली. प्रत्येक फेरीची लॉगबुकात नोंद केली. लॉगबुकात 'फेरीचे कारण' असा एक रकाना असायचा, आणि मेव्हणी बोटीत कितीही किंचाळली तरी सूर्यभानजी त्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहायचे, 'पाणीपातळी तपासणी'.

बोटीच्या कुशीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : 'अनधिकृत व्यक्तीस बसविण्यास सक्त मनाई'. लग्नाला चार वर्षं झाली असतील, तेव्हा एके दिवशी सूर्यभानजी डबा विसरले आणि जमुनाबाई तो घेऊन पायी धरणावर आल्या. बोटीत एका साहेबांची मेव्हणी बसलेली होती, शेजारची जागा रिकामी होती. जमुनाबाईंनी काठावरून विचारलं, मी येऊ काय, एकच चक्कर. सूर्यभानजींनी पाटीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि दोरी सोडली. जमुनाबाईंनी डबा एका गोट्यावर ठेवला आणि त्या घरी गेल्या.

यावरून त्या कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर कधी चिखलदऱ्याच्या तळ्यावर सगळं गणगोत पायडलच्या होडीत बसायचं, आणि जमुनाबाई काठावर चपला सांभाळत बसायच्या. कोणी बोलावलं की हसून म्हणायच्या, "आमी अनधिकृत." ते हसणं सूर्यभानजींना फार लागायचं. नोकरीत असताना 'चल, बस' असं सांगता येत नव्हतं आणि निवृत्त झाल्यावर बोट राहिली नव्हती.

तीन वर्षांनी तीच नंबर दोन अमरावतीला भंगारात लिलावाला निघाल्याचं कळलं आणि सूर्यभानजी पहिल्या एसटीने गेले. बोट शेजारच्या डोमाजींच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर घालून आणली. रस्त्यात मूर्तिजापूरला लोकांनी विचारलं की पूर कुठे आला, आणि एका गृहस्थाने तर एवढा मोठा कुलर कोणत्या मंगल कार्यालयाचा, अशी चौकशी केली. धरणावरच्या मच्छीमार संस्थेने सूर्यभानजी स्वतः चालवणार या अटीवर बोट पाण्यात ठेवायला हरकत नसल्याचं तोंडी सांगितलंही. सगळं जुळून आलं होतं. फक्त जमुनाबाईंचा सराटा आत जायला नको होता.

बोटीची पाठ सपाट असते आणि इंजिन तिच्यावर टांगलेलं असतं. तिला सूर्यभानजींच्या खात्यात ट्रान्सम म्हणत. खात्याबाहेरचे लोक मागची फळी म्हणतात. ती बाहेरून फायबरची दिसली तरी आत लाकूड असतं, आणि लाकडाला एकदा पाणी लागलं की ते काय होतं हे सांगायला नको. फळी बदलायची तर लाकूड आणि फायबर दोन्ही कळणारा माणूस पाहिजे होता. असा माणूस अकोल्यात एकच होता, ताहेर मिस्त्री. त्याच्या बापाच्या चौकटी पंचक्रोशीत नावाजलेल्या. ताहेर हिवाळ्यात चौकटी करायचा आणि उन्हाळ्यात कुलरच्या फायबरच्या बॉड्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात माणूस जेवणावाचून दोन दिवस काढेल, कुलरवाचून दोन तास काढायचा नाही, त्यामुळे ताहेरला मरणाची फुरसत नसे. पण आता दिवाळी होऊन गेली होती आणि तो मोकळा होता.

ताहेरने येऊन बोटीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि बिडी विझवून निकाल दिला, "भाऊ, हा तं कुलरच हाय. फरक इतलाच का कुलरात पानी आत पायजे, हिच्यात बाहेर."

त्याने मागची बाजू आतून कापली. जे निघालं ते लाकूड आहे असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. भिजवलेल्या ढेपेसारखा काळा लगदा होता, आणि तो घमेल्यात पडताच गोठ्यातल्या म्हशीने मान लांब केली. जमुनाबाईंनी दारातून पाहिलं. सराटा बरोबर होता हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

नवीन फळी पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची करायची ठरली. दोन जाड तक्ते केमिकल लावून एकावर एक चिकटवायचे आणि वरून दाब द्यायचा. दाबासाठी ओसरीतले सोयाबीनने भरलेले चार कट्टे वर रचले. ताहेर म्हणाला, आणखी थोडं वजन पाहिजे होतं. डोमाजी गंमत पाहायला आलेच होते. ते पंचाण्णव किलोचे. त्यांना चहाची कपबशी हातात देऊन कट्ट्यांच्या कडेला, तक्त्यांवरच बसवलं आणि दोन तास उठायचं नाही असं बजावलं. डोमाजींना आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बसण्याबद्दल मान मिळत होता. ते हलले नाहीत. दोन तासांनी कट्टे उतरवले आणि ते उठायला गेले तेव्हा मात्र फळीच त्यांच्याबरोबर उठायला लागली, कारण तक्त्यांच्या कडेने बाहेर आलेल्या केमिकलमध्ये त्यांच्या धोतराचा सोगा गच्च बसला होता. शेवटी सोगा कात्रीने कापला. वीतभर पांढरं धोतर फळीत कायमचं राहिलं, आणि आपला या बोटीत वाटा आहे, असं डोमाजी तेव्हापासून सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी फळी बसवायची होती, आणि नेमके त्याच सकाळी सूर्यभानजी संस्थेकडून परवानगीचा कागद आणायला गेले. पुढे काय झालं ते त्यांना आठ दिवस कळलं नाही. आपल्याला आत्ताच कळलेलं बरं.

ताहेर फळी उचलून जागेवर नेणार, इतक्यात थांबला. "भाभी, पुडी?"

"कोनती पुडी?"

"चौकटीची. हळकुंड, सुपारी. माह्या बापानं पुडी बांधल्याबिगर एक चौकट उभी नाही केली, आन् मीबी नाही."

जमुनाबाई म्हणाल्या, ही चौकट नव्हे, बोट आहे. ताहेर म्हणाला, लाकूड कुठेही उभं केलं तरी ते उभंच केलं. हे जमुनाबाईंना पटलं. खरं तर त्यांना हे आधीच वाटत होतं, पण घरात पुडीचं नाव काढायची सोय नव्हती. सूर्यभानजी खात्यातले, त्यांना असलं काही खपत नसे. स्वतःच्या घराची चौकट बसवताना त्यांनी अर्धा तास भाषण दिलं होतं, आणि त्यांचा आवाज ऐकून पुडी बांधणारा मिस्त्री शिडीवरून पडला होता.

जमुनाबाईंनी पिवळं फडकं घेतलं. त्यात हळकुंड, सुपारी आणि एक रुपया ठेवला. धान्य म्हणून गहू घ्यायचे, पण गव्हाची कोठी आत होती आणि ओसरीत पेरणीसाठी निवडून ठेवलेलं घरचं हरभऱ्याचं बियाणं होतं. टपोरं, तांबूस. त्यांनी मूठभर तेच घातलं आणि पुडीला पिवळ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या. चौकटीला पुडी वरून बांधतात. इथे वर बांधली तर सूर्यभानजींना दिसणार. ताहेरने फळीच्या पोटात, खालच्या अंगाला, पटाशीने एक खाच कोरली, पुडी तिच्यात बसवली आणि वरून फायबरचे तीन थर दिले. दोघांनी एकमेकांना कबूल केलं की हे कोणाला सांगायचं नाही.

सूर्यभानजी कागद घेऊन परतले तेव्हा मागची फळी गुळगुळीत दिसत होती. जमुनाबाईंनी त्यांच्यासमोर ती वाजवली. खणखणीत. त्या रात्री सूर्यभानजी दोन पोळ्या जास्त जेवले.

ताहेर अकोल्याला जाताना बाटलीभर केमिकल देऊन गेला आणि सांगून गेला, इंजिनच्या बोल्टांसाठी चार भोकं पाडा, पण बोल्ट घालायच्या आधी भोकांना आतून हे पाजा, नाही तर पाणी प्यायला तीच जागा. सूर्यभानजींनी सकाळी भोकं पाडायला घेतली. वरची दोन झाली. खालचं एक झालं. चौथं पाडताना ड्रिल एकदम आत गेलं, जणू पुढे काही नव्हतंच, आणि बाहेर आलं ते पिवळी भुकटी आणि पिवळे धागे घेऊन.

सूर्यभानजी ते धागे हातात घेऊन उभे राहिले. आधी त्यांना डोमाजींचं धोतर आठवलं, पण धोतर पांढरं होतं. म्हणजे ही लाकडाचीच भुकटी. म्हणजे नवं कोरं प्लायवूड आतून किडलेलं होतं. ताहेरने असं करावं याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली ती घरातून येणाऱ्या पावलांची.

"झालं काय?" जमुनाबाईंनी दारातून विचारलं.

"झालं."

"मंग असे काहून उभे?"

"पाहून राहिलो. चांगलं झालं."

त्यांनी भुकटी रुमालात पुसून घेतली, धागे खिशात घातले आणि चारही बोल्ट घाईघाईने आवळून टाकले. केमिकलची बाटली खिडकीत राहिली ती राहिलीच.

इथे दुसरा कोणी असता तर तो बायकोला त्याच दिवशी बोटीत बसवून मोकळा झाला असता. पण दुरुस्त केलेली बोट आठ दिवस पाण्यात ठेवून रोज तपासायची, मगच माणूस बसवायचा, हा खात्याचा नियम होता, आणि अठ्ठावीस वर्षं पाळलेला नियम सूर्यभानजींना मोडता येईना. बोट डोमाजींच्या ट्रॉलीवरून धरणावर गेली, इंजिन चढलं, इंजिनच्या वजनाने मागची बाजू जराशी खाली बसली आणि खालची दोन भोकं पाण्यात गेली. आठव्या दिवशी आपण येऊ आणि फळी स्वतः वाजवून पाहू, असं जमुनाबाईंनी जाहीर केलं.

सूर्यभानजींनी लॉगबुकासारखे रकाने आखून एक वही केली होती. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'ट्रान्सम ठीक'. दुसऱ्या दिवशीही 'ठीक'. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि तो एका जागी वर चढून खाली उतरला. त्यांनी लिहिलं, 'किंचित फुगवटा'. चौथ्या दिवशी किंचित हा शब्द गाळावा लागला. फळीने गालात सुपारी धरल्यासारखं दिसत होतं. पाचव्या दिवशी फुगवट्यावर केसासारखी चीर आली, सहाव्या दिवशी तिच्यात नख जायला लागलं. सूर्यभानजींनी वर एक गोणपाट टाकलं आणि ताहेरला फोन करून तोंडाला येईल ते बोलले.

सातव्या दिवशी ताहेर आला. त्याने गोणपाट उचललं, पाहिलं, आणि परत ठेवलं. त्याचा चेहरा पडला.

"भाऊ, लाकूड सडलं नाही. जबान देतो मी तुमाले."

"मंग काय झालं हाय?"

"ते मी नाही सांगू शकत."

"काहून?"

"जबान दिली हाय," ताहेर म्हणाला, आणि ही दुसरी जबान कोणाला दिली ते काही केल्या सांगेना. उद्या पुन्हा येतो म्हणून तो निघून गेला. सूर्यभानजी घरी आले. जमुनाबाईंनी उद्यासाठी मोतिया रंगाचं पातळ काढून ठेवलं होतं आणि डब्यात काय काय न्यायचं ते त्या मोठ्याने ठरवत होत्या. सूर्यभानजींना जेवण गेलं नाही. खोटं बोलून बायकोला एकदा बोटीत बसवता आलं असतं. गोणपाट कोणी उचललं नसतं तर दहा मिनिटांत एक चक्कर मारून परत येता आलं असतं. पण पाण्यात मधोमध फळी फाटली तर काय, हा विचार मनात आला आणि मग त्यांनी ठरवूनच टाकलं. उद्या काठावरच सगळं खरं सांगायचं, आणि ती पुन्हा हसून जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

सकाळी जमुनाबाई आल्या, बरोबर स्टीलचा डबा. ताहेर आधीच येऊन बसला होता. डोमाजी आपला वाटा पाहायला आले होते. सूर्यभानजी गुडघाभर पाण्यात, फळीकडे पाठ करून उभे होते.

जमुनाबाईंनी बोटीचं नाक वाजवलं, कुशी वाजवल्या आणि म्हणाल्या, "सरका."

"मांगची म्या सकाळीच वाजवली."

"तुमचा कान सरकारी हाय. सरका."

"जमुना, आधी ऐक. मले तुले काही सांगाचं हाय."

पण जमुनाबाईंनी तोवर गोणपाट उचललं होतं. खालच्या बोल्टापासून वर, बोटभर लांबीची चीर उघडली होती, आणि पाण्याच्या दोन बोटं वर, त्या चिरेतून दोन हिरवे कोंब बाहेर येऊन उन्हाकडे वळले होते. त्यांना बारीक, कातरलेली पानंही होती.

डोमाजी पाण्यात उतरून वाकले, त्यांनी जवळून पाहिलं आणि चाळीस वर्षं काळी माती कसलेल्या माणसाच्या अधिकाराने म्हणाले, "हरभरा हाय. उगवन चांगली हाय."

सूर्यभानजींनी रात्रभर जे जे पाठ केलं होतं त्यात हरभरा कुठेच नव्हता. "हा कोनी पेरला?" त्यांनी विचारलं.

ताहेर पाण्यावरचा खंड्या पाहू लागला. जमुनाबाईंनी पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला आणि म्हणाल्या, "मी."

मग पुडीची सगळी हकीकत निघाली. हळकुंड निघालं, सुपारी निघाली, रुपया निघाला, गव्हाऐवजी बियाणं का घेतलं तेही निघालं. एरवी सूर्यभानजींनी याच्यावर अर्धा तास भाषण दिलं असतं. पण फळी किडली नव्हती, ताहेर लबाड नव्हता, आणि त्यांना एवढं हलकं वाटलं की ते काठावर मटकन बसले आणि त्यांनीही आपलं सांगून टाकलं. पिवळी भुकटी, खिशातले धागे, खिडकीत विसरलेली बाटली.

जमुनाबाईंनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे फळी सडली असं तुमाले आठ दिवस वाटून राहिलं होतं."

"हो."

"आन् तरी मले बसवनार होते?"

"नाही," सूर्यभानजी म्हणाले. "तेच तं सांगून राहिलो होतो. आज तुले म्हननार होतो का नको बसू. अठ्ठावीस वर्ष चांगल्या बोटीत नाही बसवलं तुले. आता सडक्या बोटीत बसवू काय?"

एवढं बोलून ते पाण्याकडे पाहू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. जमुनाबाईंनी बोटीत पडलेलं केशरी जाकीट उचललं आणि ते मोतिया पातळावरून चढवून बंद शोधू लागल्या.

ताहेर धावत पुढे आला. म्हणाला, भाभी, या फळीवर इंजिन चालवायचं नाही, चीर वाढेल. दहा मिनिटं द्या, हे कोंब उपटतो, खाच साफ करतो आणि वर थर मारतो. उद्या इंजिन चालू.

"पेरनीच्या दिवसात उगवलेलं उपटता काय?" जमुनाबाईंनी विचारलं. डोमाजींनी यावर मान हलवली. ते म्हणाले, उपटणं बरोबर नाही, आणि तसंही बोटीत आपला वाटा असल्यामुळे आपली परवानगी नाही. मग असं ठरलं की तेवढा तुकडा ताहेरने नंतर लाकडासकट कापून काढायचा आणि तो जमुनाबाईंनी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावायचा. नवी फळी त्यानंतर.

"आन् पुडी?" ताहेरने सूर्यभानजींकडे न पाहता विचारलं.

"घाला," सूर्यभानजी म्हणाले. "पन आत फुटाने टाका."

इंजिन ताहेरने आणि सूर्यभानजींनी उतरवून काठावर ठेवलं. वजन गेल्यावर बोटीची मागची बाजू वर आली, चीर पाण्याबाहेर राहिली आणि कोंबही कोरडे राहिले. सूर्यभानजींनी वल्ही काढली. खात्यात वल्ही फक्त आणीबाणीसाठी असत, आणि अठ्ठावीस वर्षांत आणीबाणी कधी आली नव्हती. जमुनाबाई मागच्या बाकावर बसल्या, एक हात काठाला आणि एक हात कोंबांच्या आडोशाला. डोमाजींनी दोरी सोडली.

इंजिनाने ती चक्कर दहा मिनिटांत झाली असती. वल्ह्यांनी दीड तास लागला. दर वीस हातांनी सूर्यभानजी थांबत, धापा टाकत, आणि ते थांबले की बोट आपल्या मनाने कुठेही वळायची. जमुनाबाईंना त्याची काही हरकत दिसली नाही. आवाज नसल्यामुळे पाण्याचं बोटीला लागणं ऐकू येत होतं. अठ्ठावीस वर्षांत सूर्यभानजींनी ते ऐकलंच नव्हतं.

मधोमध आल्यावर जमुनाबाईंनी विचारलं, "थो गोटा कुठं हाय? डबा ठेवला होता थो."

सूर्यभानजींना वाटलं होतं की तो गोटा तिला आठवत नसेल. त्यांनी काठाकडे हात केला. "यंदा धरन भरलं. गोटा पान्यात गेला."

"बरं झालं," जमुनाबाई म्हणाल्या आणि डबा उघडला. पोळ्या होत्या, वांग्याची भाजी होती, हिरव्या मिरचीचा ठेचा होता. त्यांनी बोटीतच जेवायला वाढलं. बोटीत खाद्यपदार्थ नेण्यास मनाई आहे, हे सूर्यभानजींना चौथ्या घासाला आठवलं. ते त्यांनी पाचव्या घासाबरोबर गिळलं.

काठाला लागल्यावर सवयीने त्यांनी वही काढली. फेरी क्रमांक : एक. इंजिन : बंद. बंदचे कारण : ट्रान्सममध्ये हरभरा. प्रवासी : एक. त्याच्यापुढे त्यांनी कंस करून 'अधिकृत' असं लिहिलं आणि कंसाखाली रेघ ओढली. मग 'फेरीचे कारण' हा रकाना आला. हाताने आपल्या सवयीने 'पाणीपा' एवढं लिहून टाकलं, आणि तो थांबला. सूर्यभानजींच्या लॉगबुकात कधी खाडाखोड नसे. त्यांनी ते सावकाश खोडलं आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं, 'पत्नीस फिरविणे'.

जमुनाबाई खांद्यावरून पाहत होत्या. त्यांनी एकेक शब्द बोटाने वाचला.

"सही?" त्या म्हणाल्या. "सायबाच्या फेरीले करत होते ना."

सूर्यभानजींनी सही केली, पूर्ण नावाची, खाली तारीख घातली. जमुनाबाईंनी शाईवर फुंकर मारली, वही मिटली आणि रिकाम्या डब्यासोबत आपल्या पिशवीत ठेवून घेतली.